मुंबईच्या पाण्यात शिडाच्या बोटीला कुठला पंखा?

मांडव्याहून गेटवेकडे दुपारी परत निघालं की अनेकदा एकच चित्र असतं. वायव्येचा खारा वारा जवळजवळ नाकावर, ओहोटी लागलेली, आणि उधाणाचे दिवस असतील तर बंदरातला प्रवाह दोन ते तीन नॉटने (म्हणजे तासाला तितके सागरी मैल) उलटा. अंतर सात-आठ सागरी मैल. इंजिनावर बोट पाण्यातून साडेचार नॉट काढत असेल आणि त्यातले तीन प्रवाहाने खाल्ले, तर पुढे सरकायला उरतो दीड नॉट. म्हणजे पाच तास, तेही पोरंबाळं लागलेल्या उन्हात कंटाळलेली असताना. पाण्यातून सहा नॉट मिळाले तर हेच अंतर अडीच तासांत संपतं. चांगल्या स्थितीतलं इंजिन असूनही अनेक बोटी पहिल्या गटात अडकलेल्या असतात, कारण त्यांना लावलेला प्रोपेलर, म्हणजे पंखा, त्या इंजिनाचा, त्या गिअरबॉक्सचा किंवा त्या वजनाचा नसतोच. आधीच्या मालकाने जो मिळाला तो लावलेला असतो.

कुटुंबाच्या बोटीचा पंखा निवडायचा तो या परतीच्या प्रवासासाठी आणि फेरीबोटींच्या गर्दीत अचानक रिव्हर्स मारावा लागेल त्या क्षणासाठी. शिडावर मिळणारा अर्धा नॉट त्यानंतर बघायचा. आपल्याकडे नोव्हेंबर ते मे सकाळी मतलई वारा पडला की दुपारी खारा वारा धरेपर्यंत इंजिनच चालतं, हेही लक्षात घ्या.

पहिलं काम: पाट्या वाचा

दुकानदाराला "बत्तीस फुटी बोट आहे, पंखा सांगा" असं विचारू नका. त्या प्रश्नाला खरं उत्तर नाही. लागतात ते आकडे असे: इंजिनाची कमाल शक्ती आणि ती किती आरपीएमला (मिनिटाला फेरे) मिळते, गिअरबॉक्सचा पुढच्या गिअरचा रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे), बोटीची पाण्यालगतची लांबी, भरलेल्या बोटीचं वजन, शाफ्टचा (पंखा फिरवणाऱ्या दांड्याचा) व्यास, टेपर म्हणजे त्याच्या टोकाचा निमुळतेपणा, किल्लीचा (पंखा शाफ्टवर घसरू न देणाऱ्या धातूच्या पट्टीचा) खाचा आणि नटाचे आटे, आणि फिरण्याची दिशा.

इंजिनाच्या पाटीवर शेवटची अक्षरंसुद्धा वाचा. यानमारचं ३ वायएम ३० आणि ३ वायएम ३० एई ही दोन्ही साधारण २९ एचपीची इंजिनं, पण पहिलं ती शक्ती ३,६०० आरपीएमला देतं आणि दुसरं ३,२०० ला. एकाचा पंखा दुसऱ्याला लावला की गणित चुकलंच. गिअरबॉक्सचंही तसंच. यानमारचा केएम२पी हा एकच गिअरबॉक्स २.२१, २.६२ आणि ३.२२ अशा तीन रेशोंत मिळतो, बाहेरून तिन्ही सारखे दिसतात. पाटी गंजून वाचता येत नसेल तर इंजिन बंद ठेवून, गिअर पुढे टाकून, क्रँकची पुली हाताने फिरवा आणि शाफ्टला खूण करून एका पूर्ण फेऱ्याला पुली किती फिरली ते मोजा.

वजनात जवळपास सगळे फसतात. माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या बोटीचं असतं. सहा माणसं, भरलेल्या पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्या, नांगर आणि साखळी, जास्तीच्या बॅटऱ्या, डिंगी हे धरून १५ ते २० टक्के सहज वाढतात.

दिशा ठरवायची ती बोटीच्या मागे उभं राहून. पुढच्या गिअरमध्ये शाफ्ट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल तर उजव्या हाताचा पंखा. उलट्या हाताचा लावला तर बोट पुढच्या गिअरमध्ये मागे जाईल, आणि "मग रिव्हर्सवरच चालवू" असा जुगाड केला तर बऱ्याच गिअरबॉक्सांचा रिव्हर्सचा क्लच त्यात जळतो.

जुना पंखा किती आकाराचा आहे ते हबवर (पंख्याच्या मधल्या भागावर) कोरलेलं असतं: आधी व्यास, मग पिच, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात पंखा जितका पुढे गेला असता ते अंतर. खोदकाम झिजलं असेल तर शाफ्टच्या केंद्रापासून पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर दुप्पट केलं की व्यास. पिच मोजायला पंखा सपाट लादीवर आडवा ठेवा. केंद्रापासून त्रिज्येच्या ७० टक्क्यांवर पात्यावर खूण करा, तिथे पात्याच्या दोन कडांची लादीपासूनची उंची घ्या, त्यांच्यातला फरक काढा आणि दोन कडांमधल्या आडव्या अंतराने त्याला भागा. आलेल्या संख्येला ६.२८ ने आणि त्या ७० टक्के त्रिज्येने गुणा. १६ इंची पंख्यात ही त्रिज्या ५.६ इंच, म्हणजे गुणक ३५.२. उंचीचा फरक भागिले आडवं अंतर ०.३१ आलं तर पिच जवळजवळ ११ इंच. प्रत्येक पात्याचं वेगळं मोजा. दोन पात्यांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक निघाला तर थरथर कुठून येते ते शोधायची गरज उरत नाही.

गणित: मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो

उदाहरण घेऊ: ३२ फुटी बोट, पाण्यालगतची लांबी २८ फूट, भरलेलं वजन साडेसहा टन, ३,६०० आरपीएमचं २९ एचपी इंजिन, रेशो २.६२.

शाफ्टचे आरपीएम: ३,६०० ÷ २.६२ = १,३७४.

बोटीचा वेग: पाण्यालगतच्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ गुणिले १.३४. २८ चं वर्गमूळ ५.२९, म्हणजे ७.१ नॉट. ही जवळपास कमाल. यापुढे इंजिन कितीही ओरडलं तरी मागची लाट फक्त मोठी होते. भरलेल्या बोटीसाठी हिशेब ६.५ नॉटवर करा.

पिच: वेग × १,२१५ ÷ शाफ्टचे आरपीएम. ६.५ × १,२१५ ÷ १,३७४ = ५.७५ इंच. पण पाणी घट्ट नसतं, पंखा घसरतो. शिडाच्या बोटीत या वेगाला घसरण ४५ ते ५० टक्के धरतात. ५.७५ ला ०.५५ ने भागलं तर १०.५ आणि ०.५० ने भागलं तर ११.५. उत्तर या दोघांच्या मध्ये आहे.

व्यास: ६३२.७ × (शाफ्टवरच्या एचपीचा ०.२ घात) ÷ (शाफ्टच्या आरपीएमचा ०.६ घात). २९ पैकी दोनेक एचपी गिअरबॉक्स आणि बेअरिंगमध्ये जातात, म्हणून २७ धरा. २७ चा ०.२ घात १.९३, १,३७४ चा ०.६ घात ७६.३. उत्तर १६ इंच.

म्हणजे तीन पात्यांचा साधारण १६ × ११. दोन पात्यांचा घ्यायचा तर व्यास ५ टक्के वाढवा, पिच जवळपास तोच: १७ × ११ च्या आसपास. याच इंजिनाला २.२१ चा रेशो असता तर उत्तर साडेचौदा × ९ आलं असतं, आणि ३.२२ ला १८ × १३. बोट एकच असली तरी गिअरबॉक्स बदलला की पंखा बदलतो. बुडाखाली जागा असेल तर मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा नेहमीच जास्त रेटतो, म्हणून इंजिन नव्याने बसवत असाल तर आधी रेशोवर भांडा.

आता मुंबईचा हिशेब. इथे बूड आणि पंखा स्वच्छ राहत नाही आणि इंजिनाच्या खोलीत चाळीस अंशांची हवा असते. गरम हवेत इंजिन पाटीवरची पूर्ण शक्ती देत नाही. म्हणून पिच खालच्या बाजूला झुकवा. वरच्या उदाहरणात आम्ही १६ × ११ घेऊन वर्कशॉपमध्ये अर्धा इंच पिच उतरवून घेऊ, किंवा सरळ १६ × १० लावू. स्वच्छ बोटीवर इंजिन पाटीवरच्या आरपीएमच्या किंचित वर जाईल, आणि महिन्याभराने बार्नॅकल (बुडाला चिकटणारे कवचाचे जीव) चढले की बरोबर त्या आकड्यावर येईल. उलट केलं, म्हणजे स्वच्छ बोटीलाच पिच जड घेतला, तर डिसेंबरपर्यंत इंजिन दमलेलं असेल.

बुडाखाली मावतो का

१६ इंच म्हणजे ४०६ मिलीमीटर. पात्याचं टोक आणि बूड यांच्यात व्यासाच्या १५ टक्के जागा हवी: ६१ मिलीमीटर. दहा टक्के, म्हणजे ४१, ही किमान मर्यादा. त्याहून कमी झालं की प्रत्येक पातं जाताना बुडावर पाण्याचा ठोका बसतो आणि केबिनमध्ये ढोल वाजल्यासारखा आवाज येतो. जागा नसेल तर व्यास एक इंच कमी करून पिच दोन ते तीन इंच वाढवता येतो, पण रेटा कमी मिळतो.

पंख्याचा हब शेवटच्या बेअरिंगपासून शाफ्टच्या व्यासाइतकाच दूर असावा, फार तर दीडपट. लांब ठेवला तर शाफ्ट वाकतो. अगदी चिकटवला तर रबरी बेअरिंगला पाणी मिळत नाही, आणि ते बेअरिंग पाण्यावरच चालतं. दोरी कापणारी चकती बसवायची असेल तर तिची जाडी याच जागेतून जाते, तेव्हा मापं एकदमच घ्या.

स्थिर, घडीचा की पाती वळणारा

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

दोन पात्यांचा स्थिर पंखा स्वस्त. लांब कीलच्या (बुडाखाली उतरणाऱ्या उभ्या कण्याच्या) बोटीत पाती उभी करून कीलच्या आड लपवता येतात, मग शिडावर ओढही कमी. पण रिव्हर्स कमजोर, आणि दोन्ही पाती एकाच वेळी कीलच्या सावलीत शिरत असल्याने थरथर जास्त.

तीन पात्यांचा स्थिर पंखा ढकलतो चांगला, थांबवतो चांगला, त्यात बिघडायला काही नाही. किंमत शिडावर मोजायची: हलक्या वाऱ्यात अर्धा ते एक नॉट.

घडीचा पंखा, उदाहरणार्थ फ्लेक्सोफोल्ड किंवा गोरी, इंजिन बंद झालं की पाण्याच्या दाबाने कळीसारखा मिटतो. ओढ जवळजवळ शून्य, आणि मिटलेल्या पात्यांवर दोरी किंवा पिशवी अडकत नाही. पुढे जाताना चांगल्या स्थिर पंख्याच्या बरोबरीने चालतो. रिव्हर्समध्ये मात्र पाण्याचा रेटा पाती मिटवायला बघतो आणि फिरण्याचा जोर ती उघडी ठेवतो, त्यामुळे थांबायला थोडं जास्त अंतर लागतं. दातऱ्यांनी एकमेकांना जोडलेली पाती असलेलाच घ्या. जुन्या साध्या घडीत एक पातं उघडतं, दुसरं लोंबकळतं.

पाती वळणारा पंखा, जसा मॅक्स-प्रॉप, शिडावर पाती धारेवर आणतो आणि रिव्हर्समध्ये पूर्ण उलटी फिरवतो. म्हणून रिव्हर्स पुढच्याइतकाच ताकदवान. अरुंद जागेत हे सोनं आहे. पाती सपाट असल्याने पुढे जाताना किंचित तोटा. दर वर्षी ग्रीस भरावं लागतं आणि किंमत स्थिर पंख्याच्या कित्येक पट, वर आयातीचं शुल्क. बहुतेकांचा पिच नंतर बदलता येतो, ही मोठी सोय.

हे सगळं जगभर खरं आहे. मुंबईत निकाल बार्नॅकल लावतात. बंदरातल्या कोमट, गढूळ पाण्यात मुरिंगवर (पाण्यात बोट बांधायच्या कायमच्या जागी) उभ्या बोटीच्या उघड्या ब्राँझवर काही आठवड्यांत थर चढतो. स्थिर पंखा अशा थरासकट फिरतो. बोट संथ होते, पण घरी येते. घडीच्या पंख्याच्या दातऱ्यांत तेच बार्नॅकल बसले तर पाती उघडत नाहीत किंवा अर्धवट उघडतात, आणि हे कळतं तेव्हा आपण मुरिंग सोडलेलं असतं.

म्हणून किंमतपत्रक बघण्याआधी एकच प्रश्न विचारा: बोट दर आठवड्याला हलते का, आणि महिन्यातून एकदा पाणबुड्या खाली जातो का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर शाफ्टच्या बोटीला तीन पात्यांचा वळणारा, सेलड्राइव्हला (लांब शाफ्टऐवजी बुडातून खाली उतरणाऱ्या पायावर पंखा असतो ती रचना) घडीचा. एकाचंही उत्तर नाही असेल तर तीन पात्यांचा स्थिर घ्या आणि उरलेल्या पैशांत नवं मुख्य शीड शिवा. वेग त्यातूनच जास्त मिळेल. कील आणि सुकाणूच्या मधल्या खिडकीत पंखा असलेल्या जुन्या बोटींना घडीचा बहुधा मावत नाही, पाती मागे मिटायला जागाच नसते.

विकत घेताना

स्थानिक ओतशाळेत जुन्या पंख्याचा नमुना देऊन नवा ओतून घेणं स्वस्त पडतं, आणि मासेमारीच्या नौकांचं त्यावर बरं चालतं. पण ब्राँझ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं. १६ इंची नमुन्यावरून थेट ओतला तर पाव इंच लहान निघतो, आणि झिजलेल्या पात्यांची झीजसुद्धा नकलेत उतरते. ओतायचाच असेल तर मापं लिहून द्या आणि हातात आल्यावर प्रत्येक पात्याचा पिच वर सांगितल्याप्रमाणे मोजा. समतोल बघायला आडव्या गुळगुळीत सळईवर पंखा ओवा. तो जिथे सोडाल तिथे थांबायला हवा. एकच पातं दर वेळी खाली येत असेल तर ते जड आहे.

धातू विचारून घ्या. 'मँगनीज ब्राँझ' म्हणून जे मिळतं त्यात भरपूर जस्त असतं. कोमट खाऱ्या पाण्यात ते विरघळत जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं. निकेल-अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ महाग, पण इथे तेच टिकतं. जुना पंखा तपासायचा तर टांगून लाकडी मोगरीने हलकेच वाजवा: निरोगी ब्राँझ घणघणतं, सडलेलं फक्त थड् करतं.

टेपर जुळतो का ते पाहा. अमेरिकन एसएई टेपर १:१६ असतो, मेट्रिक १:१०. एकमेकांत ते नीट बसत नाहीत, बसल्यासारखे वाटतात.

बसवताना

हे काम पावसाळ्यात, बोट वर घेतलेली असताना करा. मे अखेरीस बोट निघाली की लगेच पंखा काढून मापं घ्या, म्हणजे परदेशातून मागवला तरी गणपतीनंतर बोट पाण्यात जाण्याआधी हातात येतो.

१. जुना पंखा पुलरनेच (हब ओढून काढणाऱ्या अवजारानेच) काढा. नट पूर्ण काढू नका, चारपाच आटे राहू द्या, नाहीतर सुटलेला पंखा पायावर येतो. हातोडा मारला तर तो दणका थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. अडला असेल तर हबवर उकळतं पाणी ओता.

२. शाफ्टच्या टेपरला निळ्या रंगाचा पातळ हात देऊन नवा पंखा किल्लीशिवाय चढवा आणि काढा. आत सत्तर-ऐंशी टक्के भागावर रंग उमटला पाहिजे. नसेल तर बारीक ग्राइंडिंग पेस्टने घासून बसवा, मग पेस्ट पूर्ण धुऊन काढा.

३. किल्लीशिवाय पंखा जिथवर चढला तिथे शाफ्टवर पेन्सिलने खूण करा. किल्ली घालून पुन्हा चढवा. खुणेपर्यंत आला नाही तर तो टेपरवर न बसता किल्लीवर बसतोय. किल्लीची वरची बाजू कानशीने उतरवा. ही पायरी गाळल्यामुळेच पंखे सैल होतात आणि शाफ्ट किल्लीच्या खाचेपाशी तुटतात.

४. टेपरला ग्रीस फासू नका. पंखा प्रमाणाबाहेर चढून हब तडकू शकतो.

५. आधी पातळ नट, मग जाड नट, शेवटी नवी स्प्लिट पिन. बरेच मेकॅनिक नटांचा क्रम उलटा लावतात.

६. शाफ्टचा अ‍ॅनोड (पंख्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) बेअरिंगला चिकटवू नका, पाण्याला वाट ठेवा. खाऱ्या पाण्यात जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड चालतो. मॅग्नेशियमचा गोड्या पाण्यासाठी असतो. अर्धा झिजला की बदला.

बोट पाण्यात गेल्यावर एक-दोन दिवसांनी कपलिंगची (गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या जोडाची) सरळ रेषा फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. चार इंची कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये फटीचा फरक ०.१ मिलीमीटरहून जास्त नको. जमिनीवर केलेली ही तपासणी धरायची नाही, कारण पाण्यात बोटीचा आकार किंचित बदलतो.

पाण्यावरची परीक्षा

गणित अंदाज देतं, निकाल इथे लागतो. धक्क्याला बांधून पूर्ण थ्रॉटल मारण्यात अर्थ नाही, उभ्या बोटीला इंजिन कधीच आकडा गाठत नाही. बूड स्वच्छ, टाक्या भरलेल्या, माणसं चढलेली, भांगाचा दिवस, वारा पडलेला आणि किमान दहा मीटर पाणी असं जुळवा. इंजिन वीस मिनिटं तापवा. मग पूर्ण थ्रॉटलवर दोन-तीन मिनिटं एका दिशेला आणि तितकीच उलट दिशेला. जीपीएसच्या दोन्ही वेगांची सरासरी काढली की प्रवाह वजा होतो. आरपीएमसाठी डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका, पुलीवर परावर्तक पट्टी चिकटवून हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरने मोजा.

३,६०० च्या इंजिनाला ३,६०० ते ३,७०० मिळाले तर काम झालं. ३,३०० ला अडकलं, काळा धूर येतोय, तापमान चढतंय, तर पंखा जड आहे. एक इंच पिच कमी केला की इंजिनाचे साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, म्हणजे इथे दीड ते दोन इंच उतरवावे लागतील. ब्राँझचा पंखा इतका वाकवून घेता येतो. इंजिन आकड्यावर झटकन पोचलं पण बोट पाच नॉटवरच रेंगाळते, तर पंखा हलका आहे.

मात्र दोष देण्याआधी न्यूट्रलमध्ये थ्रॉटल पूर्ण ओढून बघा. तिथेही इंजिन आकड्याच्या वर जात नसेल तर पंख्याचा संबंध नाही. थ्रॉटलची केबल शेवटपर्यंत पोचत नसेल, डिझेलचा फिल्टर तुंबला असेल किंवा एक्झॉस्टच्या एल्बोत काजळी भरली असेल. जड पंख्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात हा एल्बो भरलेला सापडतोच, तेव्हा पंखा बदलताना तोही उघडा.

शिडावर असताना गिअर कुठे ठेवायचा ते इंजिनाचं मॅन्युअल सांगतं. यानमारला स्थिर पंख्यासोबत न्यूट्रल हवा असतो. रिव्हर्समध्ये अडकवून ठेवलेल्या क्लचचं नुकसान होतं. मोकळा फिरणारा तीन पात्यांचा पंखा अडवलेल्यापेक्षा ओढही कमी देतो.

चालवताना

पंख्यावर तांब्याचा अँटिफाउलिंग (जीव चिकटू न देणारा) रंग टिकत नाही. सिलिकॉनचे निसरडे लेप चांगले, पण ते फिरणाऱ्या पंख्यावरच काम करतात; उभ्या बोटीवर चढलेला थर खरवडावाच लागतो. सेलड्राइव्हचा पाय अ‍ॅल्युमिनियमचा असतो, त्याला तांब्याचा रंग अजिबात लावू नका. पाणबुड्याला प्लास्टिकची किंवा लाकडी पट्टी द्या. लोखंडी खरवडणीचे ओरखडे पडले की पुढचे बार्नॅकल तिथेच आधी बसतात. घडीच्या पंख्याची पाती त्याला हाताने दहा वेळा उघडझाप करायला सांगा.

नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी सुरू झाली की वसई-उत्तनपासून दक्षिणेकडे डोल जाळी आणि तरंगते दोर वाढतात. आवाज अचानक बदलला, आरपीएम पडले, तर लगेच न्यूट्रल, मग इंजिन बंद आणि इंजिनाची चावी खिशात. पाणी उथळ असेल तर आधी नांगर टाका. पातळ दोरी आणि पिशवी चकती कापते. जाड जाळ्यापुढे तिचं फार चालत नाही. बंदरात प्रवाह चालू असताना कुणालाही खाली उतरवू नका, भरती-ओहोटी थांबेपर्यंत थांबा किंवा ओढून घ्यायला बोट बोलवा.

जुना पंखा भंगारात घालू नका. तो, त्याची किल्ली, दोन्ही नट, चार स्प्लिट पिना, एक अ‍ॅनोड आणि शाफ्टच्या मापाचा पुलर एका डब्यात भरून बोटीच्या तळाशी ठेवा, आणि डब्याच्या झाकणावर आतून पंख्याचा व्यास, पिच आणि हात पक्क्या शाईने लिहून ठेवा.